शेतात सापडलेली निळी पाटी

मंडळी, बरेच दिवसांत काही लिहिले नाही. ऊन फार होते, आणि डोळ्याचे ऑपरेशनही झाले. आता दिसते आहे, तेव्हा पुन्हा लिहायला बसलो आहे. विषय जरा वेगळा आहे. मी सारी नोकरी इतिहास शिकवण्यात घालवली, पण इतिहास जमिनीतून उकरून काढण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. तो या मे महिन्यात आला, आणि तोही माझ्या नातवामुळे.

तर झाले काय, नातू पुण्याहून सुट्टीला आला तो एक लांब दांड्याचे यंत्र घेऊनच. खाली ताटाएवढी गोल चकती, वर छोटा पडदा, कानाला लावायला हेडफोन. मी म्हटले, हे काय फवारणीचे आणलेस? तो म्हणाला, "आजोबा, मेटल डिटेक्टर आहे. जमिनीत धातू असला की वाजतो." मग त्याने मला ते समजावून सांगितले. चकतीत तारेचे वेटोळे असते. त्यातून वीज खेळवली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. जमिनीत धातूचा तुकडा असेल तर त्या क्षेत्रामुळे त्यातही बारीकसे विजेचे भोवरे उठतात, आणि ते यंत्राला कळतात. विलायतेत म्हणे हा लोकांचा छंदच आहे. रविवारी माणसे शेताशेतांतून हे घेऊन फिरतात.

मी त्याला आधी दोन गोष्टी बजावल्या. आमचे गाव शहादा तालुक्यात, गोमाईच्या काठी. ही गोमाई पुढे प्रकाशाला तापीला मिळते. प्रकाशाच्या टेकाडावर १९५५ साली पुरातत्त्व खात्याच्या बा. के. थापर यांनी उत्खनन केले आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचे थर उजेडात आणले. अशा ठिकाणी हे यंत्र न्यायचे नाही. हौशी माणसाने एक खड्डा खणला की थरांची सरमिसळ होते, आणि एकदा विस्कटलेले थर पुन्हा लावता येत नाहीत. दुसरी गोष्ट कायद्याची. आपल्याकडे १८७८ सालचा निखात निधी अधिनियम आहे. जमिनीत दडलेले दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. शिवाय १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तू पुरावस्तू ठरतात. तेव्हा फिरायचे ते आपल्याच शेतात, आणि सापडेल ते मला दाखवायचे. नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही शाळेत पण असेच होता का?" असो.

पहिले दोन दिवस यंत्र सारखे वाजत होते. निघाले काय? बैलांच्या पायाच्या झिजलेल्या पत्र्या, गंजलेले खिळे, कुळवाच्या पासेचा तुकडा, औषधाच्या बाटल्यांची झाकणे आणि अॅल्युमिनियमचे एक दोन पैशांचे नाणे. नातवाचा हिरमोड झाला. मी मात्र खूष होतो. शेतातून बैल जाऊन ट्रॅक्टर कधी आला, हे त्या पत्र्या सांगतच होत्या!

तिसऱ्या दिवशी सकाळी बांधावरच्या निंबाजवळ यंत्र असे ओरडले की मलाही ऐकू आले. हातभर खणल्यावर पत्र्याची कड लागली. सावकाश माती काढली आणि साधारण दोन फूट लांब, दीड फूट रुंद अशी एक जड पाटी निघाली. मातीने लडबडलेली. बादलीभर पाणी ओतले, ओल्या गोणपाटाने पुसली, आणि खालून निळा रंग वर आला. अगदी लख्ख निळा, जणू कालच दिलेला. त्यावर पांढरी अक्षरे. डावी बाजू गंजाने खाल्ली होती, त्यामुळे वरच्या ओळीत वाचता येत होते ते एवढेच : "...लोस्कर". आणि खाली, स्वच्छ : "नांगर".

मी मटकन बांधावरच बसलो. कारण आमच्या घरात प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात एक गोष्ट सांगितली जायची. गावातला पहिला लोखंडी नांगर आमच्या आजोबांनी आणला. किर्लोस्करांचा. रेल्वेने नंदुरबारला उतरवला, तिथून बैलगाडीत घालून तापी ओलांडून आणला, आणि तो बघायला अख्खा गाव जमला होता. माझे वडील तेव्हा लहान होते, म्हणजे गोष्ट १९३० नंतरच्या काही वर्षांतली. नांगर तर केव्हाच मोडीत गेला. त्याचा पुरावा म्हणून आमच्याजवळ एक खिळासुद्धा नव्हता. आणि आता ही पाटी!

नव्या वाचकांसाठी किर्लोस्करांची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती माहीत असल्याशिवाय या पाटीची किंमत कळणार नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे लक्षात आले की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकला सुटली, पण रेघ सुटली नाही. ते यंत्रांची रेखाचित्रे काढू लागले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. म्हणजे आमच्यासारखेच मास्तर! पुढे बढतीत डावलले गेले म्हणून त्यांनी ती नोकरी सोडली, बेळगावला सायकलींचे दुकान होतेच, तिथे आले, आणि छोट्याशा कारखान्यात कडबा कापायचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर तयार केला. गावठाण वाढवायच्या बेतात ती जागा गेली. तेव्हा औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि भांडवलाला कर्जही दिले. निवडुंगाने आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली.

पण नांगर तयार होणे एक आणि खपणे दुसरे. सुरुवातीला तो कोणी घेईना. दोन वर्षे नांगर पडून होते असे सांगतात. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. वर्गात हे सांगितले की मुले हसायची. मी त्यांना हसू देत नसे. आपला लाकडी नांगर पूर्ण लाकडाचा कधीच नव्हता. त्याच्या टोकाला लोखंडाचा फाळ असायचाच. प्रकाशाच्या उत्खननातही वरच्या थरांत लोखंड मिळाले आहे, म्हणजे तापीकाठच्या मातीला लोखंडाची ओळख अडीच हजार वर्षांची. मग भीती कशाची होती? माझ्या मते ती लोखंडाची नव्हतीच. लाकडी नांगर जमीन चिरतो, ओरखडा काढतो, पण माती जागच्या जागी राहते. नव्या नांगराला वळणदार पंखा होता. तो मातीचे ढेकूळ उचलून पार पालथे घालायचा. खालची माती वर, वरची खाली. पिढ्यान् पिढ्या पोसलेली वरची माती अशी गाडलेली बघून कोणाही शेतकऱ्याच्या पोटात गोळा आला असता.

फायदा मात्र त्या पालथे घालण्यातच होता. आमच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांच्या मुळ्या खोलवर जातात. लाकडी नांगराने त्या तुटतात आणि तुटल्या की दुप्पट जोमाने फुटतात. लोखंडी नांगर त्यांना उलटे करून वैशाखाच्या उन्हात वाळवायचा. ही गोष्ट तोंडाने सांगून पटणारी नव्हती. म्हणून नांगर जत्रांतून, प्रदर्शनांतून दाखवला गेला, शेतात चालवून दाखवला गेला. जाहिरात ही किर्लोस्करांच्या कामाचाच भाग होती. १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले ते मुळात कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायला. संपादक होते शंकरराव किर्लोस्कर. पुढे त्याचेच 'किर्लोस्कर' मासिक झाले, आणि १९३० साली 'स्त्री', १९३४ साली 'मनोहर'. नांगराच्या जाहिरातीतून मराठी मासिकांचे एक घराणेच उभे राहिले, असे म्हणायला हरकत नाही. माझ्या आईने 'स्त्री' वाचून विणकाम शिकले, तिला कुठे ठाऊक होते की त्या अंकाचा आजा नांगर आहे!

आता पाटीकडे वळतो. इनॅमलची पाटी हा प्रकार तरुण वाचकांनी पाहिला नसेल. जुन्या स्टेशनांवर, किराणा दुकानांच्या फळ्यांवर, रॉकेलच्या गाळ्यांवर या पाट्या असत. पत्र्यावर काचेची बारीक पूड पसरतात आणि भट्टीत साधारण आठशे अंश तापमानाला भाजतात. काच वितळून पत्र्याला चिकटते. एक रंग झाला की दुसरा, प्रत्येक रंगाला बहुधा वेगळी भाजणी. म्हणजे हा रंग नव्हे, ही काच आहे! उन्हाने उडत नाही, पावसाने धुपत नाही. तिचा शत्रू एकच, ठोका. ठोका बसला की काचेचा टवका उडतो, तिथून पाणी शिरते आणि गंज आत आत खात जातो. ही पाटी सत्तरएक वर्षे मातीत राहूनही निळी का, आणि तिची डावी कड गेली का, या दोन्हींचे उत्तर यात आहे.

त्या डाव्या कडेवरच माझी नजर अडली. पाटीच्या चारही कोपऱ्यांना कारखान्यात पाडलेली गोल, सुबक भोके होती. पण डाव्या कडेला आणखी दोन भोके होती. ओबडधोबड, कोणीतरी मोठा खिळा ठेवून दगडाने ठोकून पाडलेली. टवके उडाले होते ते तिथूनच. एका भोकात तारेचा गंजलेला पीळही होता. भिंतीवर लावायला चार भोके पुरेत. ही दोन कशाला?

नातवाने तोवर फोनवर शोध घेतला होता. अशा जुन्या पाट्या जमवणारे लोक आहेत, चांगल्या पाटीला हजारांत किंमत येते, गंजलेलीलाही येते, असे तो म्हणाला. मी म्हटले, विकायची नाही, दिवाणखान्यात आजोबांच्या फोटोखाली लावू. मनात म्हटले, बघा, घरची गोष्ट खरी ठरली. इतिहासाच्या मास्तराला पुरावा मिळाल्याचा आनंद काय असतो तो तुम्हाला काय सांगू!

त्या आनंदाने पाटी ओट्यावर वाळत ठेवली होती. संध्याकाळी आमच्या जुन्या सालदाराचे चिरंजीव रस्त्याने चालले होते. चिरंजीव म्हणतो खरा, पण ते आता ऐंशीचे आहेत, माझ्याहून मोठे. मी त्यांना दादा म्हणतो. ते थांबले, काठी टेकली, पाटीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, हाई पाटी ते आमनी शे!"

मला आधी कळेचना. मी म्हटले, "दादा, ही आमच्या नांगराची पाटी आहे. आजोबांच्या वेळची." ते हसले. म्हणाले, "व्हय, नांगरनीच शे. पन माना बापनी लावेल व्हती." मग त्यांनी दोन बोटे त्या ओबडधोबड भोकांवर ठेवली. पाहण्याचीही गरज नव्हती, बोटे आपसूक तिथे गेली. त्यांच्या झोपडीमागे कोंबड्यांचा खुराडा होता, आणि ही पाटी त्याचे दार होती. दोन भोकांतून तार ओवली होती, ती बिजागरी. संध्याकाळी कोंबड्या कोंडून दार लावायचे काम त्यांचे, तेव्हा ते नऊ-दहा वर्षांचे. निंबाजवळ जिथे पाटी सापडली तिथेच त्यांच्या झोपड्या होत्या. हे मी विसरलोच होतो. माझ्या आठवणीत तिथे फक्त निंब होता.

मी विचारले, आजोबांनी दिली का? ते म्हणाले, "दिली ना. सालमान कापी लिधी." सालात कापून घेतली!

ज्यांना सालदारी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या खानदेशात आखाजीला सालाची बोली व्हायची. एका आखाजीपासून दुसऱ्या आखाजीपर्यंत माणूस बांधलेला. धान्य, थोडे पैसे, एखादे धोतर किंवा घोंगडी, असे ठरायचे. मध्ये उचल घेतली की ती सालातून वजा. पुष्कळदा वर्ष संपताना येणे कमी आणि देणे जास्त निघे, आणि माणूस पुढच्या सालाला पुन्हा बांधला जाई.

इतिहासात ऐकीव गोष्टीला कागदाचा आधार शोधावा, हे मी चौतीस वर्षे मुलांना सांगितले. तेव्हा रात्री माळ्यावरून आजोबांच्या चोपड्या काढल्या. अर्ध्या वाळवीने खाल्लेल्या. तिसऱ्या चोपडीत, १९५४ सालच्या पानावर, दादांच्या वडिलांच्या नावाखाली ओळ सापडली. पत्रा नग एक, वजा दादर दोन पायल्या.

मंडळी, ती रात्र मला झोप लागली नाही. दोन पायल्या दादर म्हणजे काही फार नव्हे, असे कोणी म्हणेल. ज्वारीवर जगणाऱ्या घराला विचारा. आणि ती पाटी आजोबांना बहुधा फुकटच मिळालेली होती. जाहिरातीची पाटी कोण विकत घेतो? फुकट आलेली वस्तू त्यांनी आपल्या माणसाला विकली. आजोबा दुष्ट नव्हते. दारात आलेल्याला ते उपाशी पाठवत नसत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांनी हिशेब लिहून ठेवला, लपवला नाही, कारण त्यात लपवण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटलेच नसणार. मला खरा त्रास या गोष्टीचा झाला.

दुसऱ्या दिवशी पाटीसमोर बसून मी एक साधे गणित केले. शाळेत देतो तसे. नांगराचा चर नऊ इंच रुंद धरला, तर एक एकर नांगरायला नांगरामागे किती चालावे लागेल? एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. भागिले पाऊण फूट. उत्तर ५८,०८० फूट, म्हणजे बरोबर ११ मैल. वळणे वेगळी. दहा एकरांना ११० मैल, म्हणजे १७७ किलोमीटर. ढेकळांतून, वैशाखात, बहुतेक अनवाणी, आणि दोन दोन बैलजोड्या हाकत, जड नांगर दाबून धरत. आमच्या आजोबांनी नांगर आणला हे खरे. पण तो चालवला कोणी, हे आमच्या घरच्या गोष्टीत कधी आलेच नाही. मी स्वतः ती गोष्ट शंभर वेळा सांगितली असेल, मलाही तो प्रश्न पडला नाही.

प्रश्न पडायला कारण मात्र होते. १९७१-७२ मध्ये शहाद्यात काय चालले होते ते मी तरुणपणी पाहिले आहे. अंबरसिंग सुरतवंती गावोगाव फिरत होते. आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत मिळाव्यात, मजुरी वाढावी, म्हणून माणसे मोर्चे काढत होती. १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. त्याच साली मोठा दुष्काळ. दादा तेव्हा आमच्याकडे सालाने होते. पुढच्या आखाजीला ते बोलीला आलेच नाहीत. वडील घरात एवढेच म्हणाले, "आता कोणी टिकत नाही." मी ऐकले आणि गप्प राहिलो. मी नुकताच नोकरीला लागलो होतो, वर्गात फ्रेंच राज्यक्रांती शिकवत होतो. घरच्या ओट्यावर काय चालले आहे ते मला अभ्यासक्रमाबाहेरचे वाटले असावे.

असो. चार दिवसांनी मी आणि नातू पाटी घेऊन दादांकडे गेलो. मोटारसायकलवर पाटी, आणि एक पोते दादर. आता आमच्याकडे पपई आणि कापूस जास्त, दादर थोडीच होते, पण ती घरची होती. पोते न्यावे की नाही यावर मी पुष्कळ विचार केला. कर्ज फेडल्यासारखे दिसले तर त्यांना वाईट वाटेल, आणि भेट म्हटली तर ती खोटी. शेवटी खरे तेच सांगितले. म्हटले, "दादा, चोपडीत दोन पायल्या निघाल्या."

ते बराच वेळ पोत्याकडे बघत होते. मग नातवाला म्हणाले, "तुना आजोबानी व्याजबी लायेल दिखस!" आणि खो खो हसले. त्यांची सून चहा घेऊन आली, तीही हसली. मी हसू शकलो नाही, पण छातीवरचे ओझे थोडे हलके झाले. पोते त्यांनी ठेवून घेतले.

पाटीचे काय करणार, असे नातवाने विचारले. किती किंमत येते हेही त्याने त्यांना सांगितले, कारण ते सांगणे आमचे कामच होते. दादा म्हणाले, बघू. गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे गेलो तेव्हा पाटी अंगणात होती. पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून ठेवलेली, वर एक दगड. निळी बाजू वर, "नांगर" हा शब्द उलटा दिसत होता. नातवाला फोनवर सांगितले तर तो कळवळला, "आजोबा, अजून गंजेल ना ती!" गंजेल. तिच्यावर आता माझा हक्क नाही. तिचा फोटो मात्र माझ्याकडे आहे. तो मी आजोबांच्या फोटोखाली लावला आहे, आणि चोपडीच्या त्या पानाचा फोटो त्याच्या शेजारी.

पुढच्या महिन्यात भाचीच्या मुलीचे लग्न आहे. नांगराची गोष्ट कोणीतरी काढेलच. यंदा ती मी सांगणार आहे, निंबाजवळच्या झोपड्यांपासून. दादांनाही आमंत्रण गेले आहे, तेव्हा चुकलो तर दुरुस्त करायला ते समोर असतील.